पेढ्या बुडाल्या, गाव राहिले

चीनमधल्या जुन्या शहरांचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे बीजिंगचा राजवाडा, शीआनचे मातीचे सैनिक आणि फार तर सूचौच्या बागा इथपर्यंत जाते आणि थांबते. पिंगयाओचे नाव सहसा कोणी घेत नाही. घ्यावे तरी कशाला? ते कधी साम्राज्याची राजधानी नव्हते. मोठे बंदर नव्हते की तीर्थक्षेत्र नव्हते. उत्तर चीनच्या शान्शी प्रांतात, थाययुआन या प्रांतिक राजधानीच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर, फन नदीच्या खोऱ्यात वसलेले ते एक तालुक्याचे गाव. पण एकोणिसाव्या शतकात चीनच्या एका टोकाचा पैसा दुसऱ्या टोकाला पोचवायचा असेल, तर तो बहुधा या गावातल्या कोणत्या तरी पेढीच्या वहीतून जात असे. ज्याने उमेदीची वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढली, त्याला या गावाविषयी कुतूहल वाटावे यात नवल नाही. मात्र आज त्याविषयी लिहावेसे वाटते त्याचे कारण वेगळे आहे. गावाचा वारसा कसा वाचतो, कोणामुळे वाचतो आणि वाचल्यावर त्याचे काय होते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पिंगयाओमध्ये एकत्र सापडतात आणि ती वाटतात तितकी सोपी नाहीत.

आधी गावाची ओळख करून घेऊ. पिंगयाओचा कोट 1370 सालचा, म्हणजे मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाच्या कारकिर्दीतला. घेर सहा किलोमीटरच्या आसपास, उंची तीन मजली इमारतीएवढी. आत मातीचा ठोकून घट्ट केलेला बांध आणि बाहेरून विटांचा गिलावा. दरवाजे सहा: दक्षिणेला एक, उत्तरेला एक, पूर्वेला आणि पश्चिमेला दोन दोन. या रचनेवरून लोक गावाला कासव म्हणतात. दक्षिण दरवाजा हे डोके, उत्तर दरवाजा ही शेपटी आणि बाकीचे चार म्हणजे पाय. तटावर टेहळणीचे 72 मनोरे आणि 3,000 कंगोरे आहेत. कन्फ्यूशियसच्या 72 श्रेष्ठ शिष्यांची आणि 3,000 विद्यार्थ्यांची ही संख्या, असे सांगितले जाते. लढाईसाठी बांधलेल्या भिंतीलाही गुरू-शिष्यांचा हिशेब लावणारे हे लोक!

कोटाच्या आत सव्वादोन चौरस किलोमीटरचा परिसर. त्यात मिंग आणि छिंग काळातली, चौकाभोवती बांधलेली हजारो घरे दाटीवाटीने उभी आहेत. रस्त्यावरून नुसती राखाडी विटांची आंधळी भिंत दिसते. दारातून आत गेले की चौक, त्यामागे दुसरा चौक. पुण्या-नाशकाचे वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही रचना समजावून सांगायला नको. कन्फ्यूशियसच्या मंदिराचे मुख्य सभागृह 1163 सालचे आहे. गावाबाहेरच्या चनग्वो मंदिरातले लाकडी सभागृह तर 963 सालचे. लाकडाची इमारत हजार वर्षे उभी राहते ही गोष्ट आपल्याकडच्या पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला खरी वाटणे कठीण. दुसऱ्या बाजूला श्वांगलिन मंदिरात दोन हजारांवर रंगीत मातीच्या मूर्ती आहेत.

एवढे सगळे उभे करायला पैसा लागतो. तो आला कोठून? जमीन तर पिवळ्या मातीची, पाऊस बेभरवशाचा, खाणारी तोंडे फार. शेतीवर भागेना म्हणून शान्शीचा माणूस बाहेर पडला. मिंग काळात उत्तर सीमेवरच्या लष्करी तळांना धान्य पोचवावे आणि त्या बदल्यात मिठाच्या व्यापाराचा परवाना मिळवावा, अशी सरकारी पद्धत होती. शान्शीचे व्यापारी त्यात वर आले. पुढे फुजियनच्या डोंगरातला चहा मंगोलियाचे वाळवंट ओलांडून रशियाच्या सीमेवरच्या क्याख्तापर्यंत नेण्याचा धंदा त्यांनीच हाती ठेवला. दुष्काळी मुलखातली माणसे व्यापारात आणि सावकारीत पुढे येतात हे आपण मारवाडच्या बाबतीत पाहिलेच आहे.

व्यापार वाढला तशी एक अडचण वाढली. चीनमध्ये मोठा व्यवहार चांदीच्या लगडींत होई. माल विकून आलेली चांदी गावी न्यायची म्हणजे खेचरे, गाड्या आणि बरोबर हत्यारबंद राखणदार. अशी राखण पुरवणाऱ्या संस्थाच शान्शीत होत्या. तरीही दरोड्याची धास्ती होतीच, शिवाय खर्च आणि महिनोन्‌महिन्यांचा खोळंबा. पिंगयाओतल्या ली कुटुंबाचे रंगांचे दुकान होते आणि त्याची शाखा बीजिंगमध्ये होती. तिथल्या ओळखीच्या शान्शीकरांनी चांदी बीजिंगच्या दुकानात भरावी आणि चिठ्ठी दाखवून पिंगयाओच्या दुकानातून तेवढी उचलावी, अशी सोय आधी स्नेहापोटी सुरू झाली. दुकानाचा कारभारी लेइ ल्यूताय याने ओळखले की रंगांपेक्षा या चिठ्ठीत अधिक पैसा आहे. 1823 च्या सुमारास रंगांचे दुकान बंद करून त्याच जागी हुंडीची पेढी उघडली गेली. तिचे नाव रिशेंगछांग. उगवत्या सूर्यासारखी भरभराट, असा काहीसा त्याचा अर्थ. चीनमधली ही पहिली हुंडी-पेढी मानली जाते.

आपल्याला यात नवे काही वाटणार नाही. आपल्या सराफांच्या दर्शनी आणि मुदती हुंड्या त्याआधी कितीतरी शतके चालत होत्या. हुंडी हरवली तर पेठ, पेठही हरवली तर परपेठ, इतका बारकावा आपल्या पेढ्यांनी बसवलेला होता. पण पिंगयाओच्या पेढ्यांनी जे उभे केले ते एका बाबतीत वेगळे होते. त्यांनी हा व्यवहार एका घराण्याच्या नात्यागोत्यावर न ठेवता पगारी माणसांच्या संस्थेवर उभा केला. रिशेंगछांगच्या शाखा तीसहून अधिक शहरांत झाल्या. तिची बरोबरी करायला गावात दुसऱ्या पेढ्या निघाल्या. लेइचा सहकारी माओ होंगहुई भांडून बाहेर पडला आणि त्याने शेजारच्या व्यापारी घराण्याच्या पेढ्या हुंडीच्या धंद्यात आणल्या. या दोघांचे वैर इतके की एकाने दुसऱ्याचे नाव आपल्या मुलाला ठेवले आणि दुसऱ्याने पहिल्याचे नाव आपल्या नातवाला, म्हणजे घरात रोज त्या नावाने हाका मारता याव्यात, अशी गोष्ट गावात सांगतात. भरभराटीच्या काळात एकट्या पिंगयाओत अशा बावीस पेढ्यांची मुख्यालये होती असे मानले जाते.

या पेढ्यांची कामाची रीत पाहिली की बँकेतल्या माणसाला घरच्यासारखे वाटते. प्रत्येक गावची चांदी वेगळ्या कसाची आणि प्रत्येक गावचे वजन वेगळे. म्हणून प्रत्येक पेढीचे स्वतःचे प्रमाण वजन असे आणि त्यावर सगळा हिशेब चाले. हुंडीचा कागद खास बनवून घेतलेला, त्यात उजेडात धरल्यावर दिसणारी खूण. हुंड्या ठरावीक कारकुनानेच लिहायच्या आणि त्याचे अक्षर सर्व शाखांना परिचित हवे. या सगळ्यावर सांकेतिक लिपी. बारा महिन्यांसाठी बारा चिनी अक्षरे, तीस दिवसांसाठी तीस, आकड्यांसाठी आणखी वेगळी. ती ओळीने वाचली तर उपदेशाचे वाक्य वाटावे अशी जुळवलेली, आणि ठरावीक काळाने बदलली जाणारी. आमच्या काळी तारेने पैसे पाठवताना सांकेतिक आकड्यांची जी पुस्तिका दोन अधिकाऱ्यांच्या किल्ल्यांखाली तिजोरीत राहायची, तिची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

माणसांची व्यवस्था त्याहून लक्षात घेण्यासारखी होती. मालक भांडवल घालीत, पण रोजच्या कारभारात हात घालीत नसत. मुख्य कारभाऱ्याला जवळजवळ पूर्ण अधिकार. नोकरांना पगाराखेरीज ‘अंगाचा हिस्सा’ मिळे. म्हणजे मालकाचा वाटा चांदीचा आणि नोकराचा वाटा कष्टांचा. तीन-चार वर्षांनी हिशेब बंद झाला की नफा दोन्ही वाट्यांत विभागला जाई. उमेदवार म्हणून आलेला पोरगा वर्षानुवर्षांच्या नोकरीनंतर लहानशा हिश्श्याचा धनी होई आणि कारभारी मेला तरी काही वर्षे त्याच्या घरच्यांना त्याचा वाटा पोचत राही. मात्र याची किंमतही होती. माणूस शान्शीचाच हवा, त्याला जामीन हवा. दूरच्या शाखेवर गेला की तीन तीन वर्षे घरी यायचे नाही आणि बायकोला बरोबर न्यायचे नाही. पेढीची पत कुटुंबे गावात ठेवून राखली जात होती, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. आज पर्यटक ज्या सुंदर चौकांचे फोटो काढतात, त्या चौकांत बायकांच्या आयुष्यातली अशी किती वर्षे नुसती वाट पाहण्यात गेली, हे कोणत्याच खातेवहीत लिहिलेले नाही.

पिंगयाओत एक गोष्ट अजून सांगितली जाते. एका गरीब म्हातारीला मेलेल्या नवऱ्याच्या जुन्या कोटाच्या अस्तरात एक हुंडी सापडली. नवरा उत्तरेत व्यापाराला गेला होता आणि परतीच्या वाटेवर वारला होता. हुंडी हजारो तोळे चांदीची, पण कित्येक वर्षांपूर्वीची. म्हातारी भीत भीत रिशेंगछांगच्या काउंटरवर गेली. पेढीने जुन्या वह्या काढल्या, नोंद मिळाली, आणि सबंध रक्कम चुकती केली. गोष्ट शब्दशः घडली की नाही हे महत्त्वाचे नाही. पतपेढीची कीर्ती कशावर उभी असते हे गावाला पक्के ठाऊक होते, म्हणून ती टिकली. काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला पलीकडचा माणूस जुनी वही काढून बघेल असा भरवसा वाटणे, हेच बँकिंग. बाकी सगळे सामानसुमान.

याच काळातला एक धागा आपल्या मुंबईशी येऊन मिळतो आणि तो अभिमानाचा नाही. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती. बंगालच्या अफूबरोबर तिची किंमत चुकवताना चीनमधून चांदी बाहेर वाहू लागली होती. मुंबईतल्या कितीतरी टोलेजंग देणग्यांच्या मुळाशी हा व्यापार आहे. चांदी महाग आणि दुर्मीळ होत गेलेल्या त्या देशात धातू हलवण्यापेक्षा कागद हलवणाऱ्या पेढ्यांची गरज वाढली, यात आश्चर्य नाही.

पुढे थायफिंग बंडाने दक्षिणेकडचे रस्ते बंद झाले, तेव्हा प्रांतांचा सारा राजधानीला पोचवण्यासाठी 1862 पासून दरबाराने या पेढ्यांना परवानगी दिली. व्यापाऱ्यांची पेढी सरकारची खजिनदार झाली. 1900 साली परदेशी फौजा बीजिंगमध्ये घुसल्या आणि राजमाता त्सशी पळाली, ती शान्शीतूनच शीआनला गेली. त्या पळापळीत दरबाराला पैसा मिळाला तो या पेढ्यांकडून. 1901 च्या तहाने चीनवर 45 कोटी तोळे चांदीची खंडणी लादली गेली. तिचे प्रांतोप्रांतीचे हप्तेही याच पेढ्यांतून फिरले. नफा अफाट झाला. आणि घात तिथेच होता. सरकार हे सर्वांत मोठे गिऱ्हाईक झाले की पेढी आपली पत सरकारच्या पतीला बांधून घेते, हे त्या भरात कोणाच्या ध्यानात येत नाही.

धोका ओळखणारा माणूस नव्हता असे नाही. ली होंगलिंग हा पिंगयाओच्याच एका पेढीचा बीजिंग शाखेचा कारभारी. राजधानीत बसून त्याला नव्या बँका दिसत होत्या: परदेशी, आणि 1905 साली निघालेली सरकारी. या सरकारी बँकेत भांडवल घाला, माणसे द्या, असे निमंत्रण शान्शीच्या पेढ्यांना आधीच आले होते आणि गावातल्या मुख्य कचेऱ्यांनी ते नाकारले होते. 1908 साली लीने पुन्हा लिहिले की सगळ्या पेढ्यांनी एकत्र येऊन मर्यादित जबाबदारीची आधुनिक बँक काढावी. शाखा-कारभाऱ्यांपैकी अनेकांचा पाठिंबा होता. मुख्यालयाचा नव्हता. गावात बसलेल्या वरिष्ठांना त्यात लीचा स्वार्थ दिसला. मुख्य कचेरीला पत्र लिहून शाखेतला धोका कळवावा आणि उत्तरादाखल आपल्याच हेतूबद्दल शंका यावी, हा अनुभव फक्त चीनमधल्या कारभाऱ्यांचा आहे असे समजू नये.

1911 ची क्रांती झाली. घराणे गेले, अधिकारी गेले, त्यांना दिलेली कर्जे बुडाली. ठेवीदार मात्र दारात उभे राहिले. जबाबदारी अमर्याद असल्यामुळे पेढीबरोबर मालकाचे घरदारही पणाला लागले. 1914 साली रिशेंगछांगने दिवाळे काढले. एकेक करून बाकीच्याही बसल्या. लीने 1917 साली या पेढ्यांच्या उत्कर्षाची आणि नाशाची हकीकत लिहून छापली. बँकेच्या नोकरीतल्या माणसाने ती हकीकत समजून घ्यावी अशी आहे, कारण तिच्यात अप्रामाणिक कोणीच नाही. प्रामाणिक माणसांचीही पेढी बुडते, हे तिचे सार आहे.

यानंतरचा भाग वारशाविषयी बोलणाऱ्यांनी ऐकण्यासारखा आहे. पेढ्या गेल्या आणि गावात पैसा उरला नाही. पैसा नव्हता म्हणून जुने पाडून नवे बांधणे कोणाला परवडले नाही. बीजिंगसकट चीनच्या असंख्य शहरांचे कोट विसाव्या शतकात जमीनदोस्त झाले. पिंगयाओचा राहिला, त्यात दारिद्र्याचा वाटा मोठा. मग 1980 च्या सुमारास सुधारणेचे वारे सुटले आणि पिंगयाओलाही रुंद रस्ते हवे झाले. 1981 साली जुनी घरे पाडायला सुरुवात झालीसुद्धा. शांघायच्या थोंगची विद्यापीठातले नगररचनेचे प्राध्यापक रुआन यीसान यांनी हे पाहिले. त्यांनी काम थांबवण्यासाठी धडपड केली, विद्यार्थ्यांना घेऊन गावाचा आराखडा केला. त्याचे सूत्र साधे होते: जुने गाव आहे तसे ठेवा, नवे गाव बाहेर बांधा. आराखडा मंजूर झाला. 1986 साली पिंगयाओला ऐतिहासिक शहराचा राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि 1997 साली युनेस्कोने कोट, गाव आणि ती दोन मंदिरे जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

म्हणजे पहिली साठ-सत्तर वर्षे हे गाव गरिबीने वाचवले आणि नंतर एका निर्णयाने. या दोहोंत फरक आहे. गरिबीने वाचलेले गाव पैसा येताच पडते. निर्णयाने राखलेल्या गावाला मात्र तो निर्णय दर पिढीत पुन्हा घ्यावा लागतो.

आता पैसा आला आहे. 2014 पासून वेगवान रेल्वे गावाशेजारी थांबते. 2001 पासून छायाचित्रांचा महोत्सव भरतो. जवळच्या फनयांगमध्ये वाढलेले दिग्दर्शक ज्या चांगख यांनी 2017 साली इथल्या जुन्या डिझेल इंजिनच्या कारखान्यात चित्रपट महोत्सव सुरू केला. रिशेंगछांगची वास्तू 1995 पासून संग्रहालय आहे. एकामागे एक चौक, लाकडी काउंटर, हिशेबाच्या खोल्या. गर्दी पुष्कळ. पण याच काळात सरकारी कचेऱ्या आणि शाळा कोटाबाहेर गेल्या आणि त्यांच्यामागून हजारो रहिवासीही गेले. हमरस्त्यावरच्या घरांची दुकाने आणि मुक्कामाच्या खोल्या झाल्या. बाहेर गेलेल्यांना नळ, मोरी आणि मोकळी हवा मिळाली, हेही खरे आहे. जुन्या घरात राहण्याचे कौतुक करणाऱ्याने आधी त्या घराच्या संडासाची चौकशी करावी. तरीही माणसे गेली की गाव कसले?

हा केवळ हळवेपणाचा प्रश्न नाही. 2004 साली कोटाच्या आतल्या बाजूचा सतराएक मीटरचा भाग ढासळला. ऑक्टोबर 2021 मध्ये शान्शीत अतोनात पाऊस झाला तेव्हा पुन्हा सुमारे पंचवीस मीटर भिंत आतून कोसळली. बाहेरून विटा आहेत, आत माती. मातीला रोज बघणारा माणूस लागतो. कुठे भेग पडली, कुठे पाणी मुरते हे भिंतीशेजारी राहणाऱ्याला पहिल्यांदा दिसते. तिकीट काढून आलेला पाहुणा भिंतीचा दर्शनी भाग पाहून निघून जातो. पेढीचे तेच झाले होते. बाहेरून पत शाबूत दिसत होती, आत पाणी मुरत होते, आणि ते ज्यांना दिसले त्यांचे कोणी ऐकले नाही.

आपल्याकडे पाहिले तर मन खट्टू होते. हुंडीची आपली परंपरा पिंगयाओपेक्षा कितीतरी जुनी. पुण्याच्या पेशवाईचा कारभार सावकारांच्या कर्जांवर आणि हुंड्यांवर चालला. त्या काळचे लाखो मोडी कागद दफ्तरखान्यात आहेत आणि मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. घराघरांतल्या रोजकीर्दी आणि खतावण्या तर वाडा पाडताना रद्दीत जातात. वाड्याचा कोरीव खांब जुन्या वस्तूंच्या बाजारात विकला तरी जातो. खतावणीला गिऱ्हाईक नाही. वास्तविक तो खांब कोणत्या पैशाने उभा राहिला हे सांगेल ती खतावणीच.

पिंगयाओने आपल्या बँकांचा काउंटर जपला, ही मोठी गोष्ट आहे. त्या काउंटरला अर्थ होता तो दोन्ही बाजूंना माणसे उभी होती म्हणून. एका बाजूला अस्तरात सापडलेली हुंडी घेऊन आलेली म्हातारी, दुसऱ्या बाजूला जुनी वही काढायला उठलेला कारकून. आज पिंगयाओच्या नगररचनाकारांपुढे प्रश्न विटांचा उरलेला नाही. कोटाच्या आत संसार करणे स्थानिक माणसाला परवडेल, सोसेल आणि आवडेल अशी व्यवस्था करायची की नाही, हा आहे. आपल्या जुन्या पेठांपुढेही तोच आहे. फरक इतकाच की तिथे 1981 साली पहार थांबवायला एक माणूस वेळेवर पोचला आणि त्याचे ऐकले गेले.